यंत्रांचे फोटो: विदर्भातल्या गावखेड्यांतून वारंवार येणारे प्रश्न

जिन (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने), थ्रेशर, विहिरीवरची इंजिनं, बंद पडलेली रेल्वे यांचे फोटो टाकायला लागल्यापासून तेच ते प्रश्न फिरून येतात. दरवेळी वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं. प्रश्न पाठवणाऱ्यांच्याच भाषेत ठेवलेत, दोनचार शिव्या तेवढ्या काढल्या.

१. जेसीबी खोदत असला का अर्धं गाव उभं राहून पाहते. लोकायले यंत्रात एवढं काय दिसते?

२०१९ च्या उन्हाळ्यात ‘जेसीबी की खुदाई’वरून देशभर विनोद चालले होते. आपल्याकडे त्यात नवं काही नव्हतं. नाला खोलीकरणाला पोकलेन आलं की पारावरचे सगळे काठावर जमतात.

माझं मत असं की माणूस तिथं कारण पाहत असतो. लिव्हर ओढला की दांडा उठतो, बकेट वळतं, मुरूम निघतो. आपल्या बाकीच्या कामांत मेहनत आणि फळ यांच्या मधे पाऊस येतो, भाव येतो, तलाठी येतो, बँक येते. इथं मधे कोणीच नाही. जुन्या इंजिनाचं वेड याच कारणाने जास्त. पट्टा, चाक, दट्ट्या सगळं उघडं असतं, कोण कोणाला ढकलतंय ते लहान पोरालाही कळतं. नव्या यंत्रावर पत्रा चढला आणि पाहण्यासारखं काय उरलं, हा प्रश्न फोटो काढणाऱ्यापुढेही आहे (त्याचं उत्तर प्रश्न १२ मध्ये).

तुम्ही तिथं असाल तर यंत्राचे फोटो झाल्यावर पाठ फिरवा आणि पाहणाऱ्यांचा एक घ्या. तोच बहुतेकदा चांगला येतो.

२. यासाठी महागडा कॅमेरा घ्यावा लागतो का?

नाही. मोबाइलमध्ये ‘प्रो’ मोड असेल, म्हणजे शटरचा वेग (फोटो घेताना उजेड किती वेळ आत येतो ते) हाताने बदलता येत असेल, तर सुरुवातीला तेवढं पुरे. भिंग पुसायला स्वच्छ सुती फडकं ठेवा. दुपट्ट्याने पुसू नका, त्यात वावरातली धूळ असते आणि भिंगावर चरे पडतात.

३. विहिरीवरच्या इंजिनाचा फोटो काढला तर चाक थांबल्यासारखं दिसतं. ते फिरताना कसं दाखवायचं?

शटर हळू करा. किती हळू, ते चाकाच्या वेगावर ठरतं.

आपल्याकडची जुनी, हँडल मारून सुरू करायची डिझेल इंजिनं बहुतेक लिस्टर पद्धतीची, त्यातली कित्येक राजकोटकडची. मिनिटाला ६५० फेऱ्या हा त्यांचा ठरलेला वेग, म्हणजे सेकंदाला जवळजवळ अकरा. १/१००० सेकंदात चाक जेमतेम चार अंश सरकतं, म्हणून ते थांबलेलं दिसतं. १/६० ला ते साधारण ६५ अंश फिरतं आणि आरे पुसट होतात. मला १/६० ते १/३० मधला फोटो आवडतो: कड गुळगुळीत, आरे धुरकट, पण इंजिनाचं धड आणि त्यावरचं तेल स्वच्छ. १/४ वर गेलात तर आरे नाहीसेच होतात, आणि चाक नुसती तबकडी वाटते.

मोबाइल हातात धरून हे जमणार नाही. तो थारोळ्याच्या भिंतीला टेकवा. इंजिनाच्याच पायावर टेकवू नका, तो पायाच थरथरत असतो.

४. मोबाइलच्या फोटोत पंख्याची पाती विळ्यासारखी वाकडी येतात. मोबाइल बिघडला का?

बिघडला नाही. मोबाइलचा सेन्सर पूर्ण चित्र एकदम वाचत नाही, एकेक ओळ करत वाचतो. वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर पातं पुढे गेलेलं असतं, म्हणून ते वाकतं. धावत्या गाडीतून विजेचे खांब तिरपे येतात, तेही यामुळेच.

शटरचा वेग वाढवून हे जात नाही, कारण दोष ओळी वाचण्याच्या वेगात आहे. मोबाइल आडवा-उभा करून पाहा, वाकण्याची दिशा बदलते. शिवाय थोडं लांब उभं राहून काढा, म्हणजे पंखा चित्रात कमी ओळी व्यापतो. जुन्या पद्धतीचं यांत्रिक शटर असलेल्या कॅमेऱ्यात हे फार कमी दिसतं.

५. जिनात व्हिडिओ काढला तर त्यावर काळे पट्टे सरकतात. काय करू?

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० वर लावा, बहुतेक पट्टे जातील.

याचीच दुसरी बाजू जिवावर बेतणारी आहे, आणि ती फोटो न काढणाऱ्यांनीही वाचावी. चार आऱ्यांची पुली मोटारीवर मिनिटाला १४४० फेऱ्यांनी फिरत असेल तर एका जागेवरून सेकंदाला ९६ आरे जातात. दिवा उजळतो १०० वेळा. दर उजेडाला पुढचा आरा आपल्या जागेच्या किंचित अलीकडे सापडतो, आणि पूर्ण वेगातली पुली अगदी सावकाश उलटी फिरतेय असं दिसतं. आकडे नेमके जुळले तर ती थांबलेलीच दिसते. म्हणून रात्रपाळीत ट्यूबलाइटच्या किंवा एलईडीच्या उजेडात ‘बंद आहे’ म्हणून कशालाही हात लावू नका. खटका पाहा, चालवणाऱ्याला विचारा.

६. जिनिंगमध्ये आत गेल्यावर नेमकं काय पाहावं? सगळीकडे पांढरंच पांढरं दिसतं.

सीझन दसऱ्यानंतर तापतो, उलंगवाडी (कापसाची शेवटची वेचणी) झाली की ओसरतो. मधल्या काळात सकाळी जा, गाड्या खाली होत असतात.

आत गेलात की आधी ओळीने लावलेल्या डबल रोलर जिनांपैकी एकाच यंत्रासमोर उभे राहा. दोन रूळ असतात, त्यांच्यावर चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेल्या. रुळाला एक स्थिर पाती चिकटून असते. चामडं धाग्याला धरून ओढतं, सरकी पातीपाशी अडते, आणि मधे खाली-वर होणारी दुसरी पाती तिला ठोकत राहते. धागा सुटला की सरकी खालच्या जाळीतून टपटप पडते आणि रुई पलीकडून पातळ चादरीसारखी येते. क्विंटलभर कापसातून रुई साधारण ३३ ते ३५ किलो, बाकी जवळजवळ सगळी सरकी, जिचं पुढे तेल आणि ढेप होते. रुई प्रेसमध्ये दाबली की १७० किलोची गाठ. गाठीभोवती पट्ट्या आवळतात तो क्षण सोडू नका, दाब सुटताना गाठ किंचित फुगते आणि पट्ट्या ताणतात.

पांढऱ्यावर पांढरं हा अडचणीचा भाग. कॅमेरा रुईला करडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं वर घ्या. उजेड बाजूच्या खिडकीतून येईल असं उभं राहा, समोरून आला तर सगळं सपाट होतं. उडणारे तंतू दिसायला मागे अंधारी भिंत लागते. अशा भिंतीवर बहुतेक जिनात कोळ्याची जाळी असतात आणि त्यांवर रुई बसून ती दोरीएवढी जाड झालेली असतात. मला तो फोटो यंत्राएवढाच महत्त्वाचा वाटतो. तीच रुई तिथं काम करणाऱ्या बायांच्या छातीत जाते.

फ्लॅश नको. तो एकट्याने आग लावेलच असं नाही, पण तापलेली बॅटरी, सैल वायर, ठिणगी यांतलं काहीही रुईच्या ढिगाला पुरतं. जिनमालक फ्लॅशला नाही म्हणतो तेव्हा तो बरोबर असतो. लेन्स आत बदलू नका. आणि बिडी बाहेर, हे सांगायला लागू नये.

७. थ्रेशर आणि हार्वेस्टरजवळ किती अंतर ठेवावं?

चालवणारा सांगेल त्याच्या दुप्पट. तो रोजचा आहे, तुम्ही डोळा मोबाइलला लावून उभे.

थ्रेशरच्या तोंडाशी कधीच जाऊ नका. पेंढी आत ओढली जाते तसा हातही जातो. अशा यंत्रांसाठी १९८३ चा वेगळा केंद्रीय कायदा करावा लागला तो उगाच नाही. गळ्यातला दुपट्टा, ओढणी, कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा आधी काढा. ट्रॅक्टरमागचा फिरता शाफ्ट उघडा असेल तर तो ओलांडू नका, फेरा पडला तरी वळसा घाला. वाऱ्याच्या बाजूने उभे राहा, म्हणजे कुटार (भुसा) तुमच्याकडे न येता पलीकडे उडेल. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तेच कुटार सोनेरी दिसतं, आणि ते लांबूनच चांगलं दिसतं.

हार्वेस्टरवाले बरेचदा पंजाबकडचे असतात, गव्हाला आणि सोयाबीनला गावोगाव फिरतात. त्यांचा मुक्काम रस्त्याच्या कडेला असतो. यंत्र उभं असताना त्यांच्या चहाला थांबा. पुढे फोटो सोपे जातात.

८. शकुंतलेचे फोटो अजून काढता येतात का?

शकुंतला ही आपल्याकडची छोट्या रुळांची रेल्वे, ती थांबून काही वर्षं झाली. मूर्तिजापूर–यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर–अचलपूर ७६, अडीच फुटी रुळांवर. लोकांना सगळ्यात जास्त ओढ आहे ती तिच्या वाफेच्या इंजिनाची. ते १९२१ साली मँचेस्टरला बनलं, १९२३ पासून इथं धावलं आणि १९९४ मध्ये त्याची जागा डिझेलने घेतली. आपला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जायचा आणि तिकडून इंजिन यायचं, हा सौदा कोणाच्या फायद्याचा होता ते वेगळं सांगायला नको. मालकी किलिक निक्सन या ब्रिटिश घराण्याने उभ्या केलेल्या कंपनीची, आणि स्वातंत्र्यानंतरही लाइन खासगीच राहिली.

आज जे आहे ते कारंजा, दारव्हा अशा स्टेशनांच्या इमारती, पाट्या, पूल, बाभळीत शिरलेले रूळ. त्यांचे फोटो काढाच, पण पडक्या भिंतींच्या फोटोंनी पोट भरल्यासारखं करू नका. फाटक बंद करायला गाडीतलाच माणूस खाली उतरायचा, गाडी पुढे काढून फाटक उघडून परत चढायचा. असं काम केलेली माणसं अजून गावांत आहेत. त्यांच्या हातात त्यांचा जुना कंदील किंवा शिट्टी देऊन फोटो काढा आणि त्या वस्तूचं काम त्यांच्याच तोंडून लिहून घ्या.

नॅरोगेज इंजिन जवळून, सावकाश पाहायचं असेल तर नागपूरचं मोतीबागचं रेल्वे संग्रहालय आहे.

९. औष्णिक केंद्र, कोळसा खाण, दारूगोळा कारखाना यांचे फोटो काढले तर पोलीस धरतात का?

धरू शकतात. वेगवेगळं घ्या.

पुलगावचं दारूगोळा भांडार आणि भंडारा, चांदा, अंबाझरी हे आयुध कारखाने: कॅमेरा पिशवीत. कुंपण, फाटक, पाटी, काहीच नाही. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा इथं लागू होतो आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही.

चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं, त्याच्या चिमण्या कोसभरावरून दिसतात. सार्वजनिक रस्त्यावरून लांबचं दृश्य टिपलं तर सहसा कोणी अडवत नाही, पण आतलं काहीही लेखी परवानगीशिवाय नको. अडवलं तर हुज्जत घालू नका.

वणी, बल्लारपूर, घुग्घुस भागातल्या उघड्या खाणींत डंपर आणि शॉवेल पाहून भान हरपतं हे खरं. पण तिथं स्फोट होतात आणि डंपरच्या चालकाला जवळचा माणूस दिसतच नाही. परवानगी आणि सोबत कंपनीचा माणूस, दोन्ही हवेत. भूमिगत खाणीत मोबाइल न्यायचाच नाही, वायूमुळे साधी बॅटरीसुद्धा धोक्याची असते.

ड्रोनसाठी २०२१ चे नियम आहेत. उडवण्याआधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा पाहा, तिथं लाल दिसलं तर उडवू नका. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला सूट आहे, पण लाल भागात तीही नाही.

१०. यंत्रांचे फोटो काढून कोणी मोठं झालं आहे का? घरचे म्हणतात लग्नाचे काढ.

लग्नाचेही काढा, इंधनाचा खर्च त्यातूनच निघतो.

जर्मनीतलं बेखर दांपत्य, बेर्न्ड आणि हिला, यांनी १९५९ पासून आयुष्यभर खाणींचे मनोरे, भट्ट्या आणि पाण्याच्या टाक्या टिपल्या. ढगाळ दिवस, सावली नाही, समोरासमोर, चौकटीत माणूस नाही. असे फोटो ओळीने लावले की एकाच जातीच्या बांधकामातले फरक दिसू लागतात. तुमच्या तालुक्यात प्रत्येक गावाला पाण्याची टाकी आहे. श्रावणातलं झाकोळलेलं आभाळ त्याला उत्तम. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५० च्या दशकात वाफेची शेवटची इंजिनं रात्री, शेकडो फूट वायर अंथरून, ढीगभर फ्लॅशच्या उजेडात टिपली.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती मार्गारेट बर्क-व्हाइट. १९२० च्या दशकाअखेर ती क्लीव्हलँडच्या पोलादाच्या भट्टीत शिरली. तेव्हाच्या फिल्मला लाल उजेड जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे उकळतं पोलाद डोळ्यांपुढे असूनही फोटोत काळोख. शेवटी मॅग्नेशियमच्या मशाली पेटवून तिने काम भागवलं. १९३६ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या पहिल्या अंकावर तिनेच टिपलेलं धरण होतं. तीच बाई दहा वर्षांनी चरखा टिपायला आली, त्याबद्दल पुढे.

११. आम्ही वर्ध्याचे. गांधीजी तर यंत्राच्या विरोधात होते, मग सेवाग्रामच्या शेजारी राहून यंत्राचं कौतुक कसं करता?

हा प्रश्न टोमणा म्हणून येतो, पण चांगला आहे.

गांधीजींचा आक्षेप यंत्राच्या हव्यासाला होता, यंत्रमात्राला नव्हता. शिवणयंत्राचा अपवाद त्यांनी स्वतः बोलून दाखवला होता. १९२९ मध्ये चरखा संघाने अधिक चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. चरखा हे यंत्रच, आणि ते सुधारलं पाहिजे, असं मानणाऱ्या माणसाला यंत्रद्वेष्टा कसं म्हणायचं? वर्ध्यात १९३८ साली मगन संग्रहालय त्यांच्याच हस्ते उघडलं. तिथं जाऊन चरख्यांच्या रचना नीट पाहा. चात (सूत पिळणारी फिरती सळई), माळ (तिला फिरवणारी दोरी) आणि चाक यांचं नातं डोळ्यांनी कळतं.

१९४६ मध्ये बर्क-व्हाइट पुण्यात गांधीजींचा फोटो घ्यायला आली तेव्हा त्यांच्या सचिवांनी आधी सूत कातायला शिकून ये म्हणून सांगितलं. ती शिकली. आत गेल्यावर पहिले दोन फ्लॅशबल्ब वाया गेले, तिसरा लागला. आज जगभर दिसतो तो, पुढे चरखा आणि मागे वाचत बसलेले गांधीजी, तो त्या भेटीतला. ज्याचा फोटो घ्यायचा ते यंत्र आधी चालवून पाहा, ही अट मी तेव्हापासूनची सगळ्यात शहाणी मानतो. थ्रेशरला मात्र ती लावू नका (प्रश्न ७).

१२. आता मोटार बोअरमध्ये, सोलरचा पंपही जमिनीखाली. फोटो काढावा असं वर राहिलंच काय?

स्टार्टरची पेटी राहिली. तिच्यावर रात्रीचं वेळापत्रक खडूने लिहिलेलं असतं, आत पाल असते, दाराला तार गुंडाळलेली असते. थ्री फेज रात्री बाराला येणार म्हणून बॅटरी घेऊन वावरात निघालेला माणूस राहिला. जळालेल्या डीपीखाली (ट्रान्सफॉर्मरखाली) वर पाहत उभे असलेले पाच शेतकरी राहिले. डीओ (खांबावरचा फ्यूज) टाकायला लांब बांबू घेऊन गेलेला पोरगा (हे काम वायरमनचंच आहे, त्याला तिथून हाकला, फोटो नंतर).

यंत्र झाकलं गेलं की त्याची खूण त्याच्याभोवती शोधायची. सोलर पॅनलवरची धूळ सकाळी पुसणारी बाई हा मला पंपाचाच फोटो वाटतो. लोक मात्र अजून पट्ट्याचं इंजिनच मागतात, आणि मग दहा वर्षांनी आजचे फोटो कोणाकडेच नसतात.

१३. नवा ट्रॅक्टर घेतला की शोरूममध्ये हार घालून चावी घेतानाचा फोटो काढतात. पोळ्यालाही लोक आता ट्रॅक्टर सजवतात. असले फोटो काढण्यात काही अर्थ आहे का?

पुष्कळ आहे. शहरातले छायाचित्रकार यांना हसतात आणि तिथंच चुकतात. यंत्राचं वेड गावात जसं आहे तसं याच फोटोत सापडतं: पहिल्या रांगेत आजी, तिचा हात बॉनेटवर सपाट ठेवलेला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. कुंकवाची पाच बोटं. चाकाखाली लिंबू. मालकाच्या चेहऱ्यावर आनंद आणि पहिल्या हप्त्याची तारीख एकदमच.

पोळ्याला बैल उरले नाहीत म्हणून काहीजण ट्रॅक्टरला झूल घालतात, दसऱ्याला तर जिनात, गिरणीत, वेल्डिंगच्या दुकानात सगळीकडे पूजा असते. तेव्हा यंत्रं धुतलेली, बंद आणि माणसं मोकळी असतात. ओळखपाळख करायला याहून चांगला दिवस नाही. ओवाळताना मधे घुसू नका एवढंच.

१४. फोटो टाकताना मालकाला विचारायचं का मजुराला?

दोघांनाही, आणि मजुराला आधी. फोटोत पट्ट्यावर जाळी नाही असं दिसलं तर मालकाला नोटीस येऊ शकते, आणि कामावरून जातो तो मजूर. म्हणून टाकण्याआधी त्याला मोबाइलवर दाखवा. नको म्हणाला तर विषय संपला.

ट्रॅक्टरची नंबरप्लेट झाका. कर्ज थकलेलं असेल तर वसुलीवाल्यांना पत्ता आपण का द्यायचा?

१५. गावातल्या स्टुडिओवाल्याने काढलेला आमच्या ट्रॅक्टरचा फोटो मी जाहिरातीला वापरू शकतो का?

तुम्ही पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे हक्क तुमचा. त्याने आपल्या हौसेने काढला असेल तर त्याचा, यंत्र तुमचं असलं तरी. फोटोवरचा हक्क काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

१६. शकुंतलेच्या वाफेच्या इंजिनाचा एक भारी फोटो ग्रुपवर फिरत आहे. तो खरा का एआयचा, कसं ओळखायचं?

दांडे बघा. खऱ्या इंजिनात प्रत्येक दांडा कुठून तरी निघून कुठंतरी जोडलेला असतो, कारण त्याला काम आहे. बनावट चित्रात ते चाकाच्या मधूनच निघतात आणि हवेत संपतात. मग रूळ मोजा, जोडीचं अंतर पाहा, पाटीवरची अक्षरं वाचा.

१७. आमच्या घरी आजोबाच्या काळचं इंजिन गोठ्यात पडून हाय. रंगवून मस्त फोटो काढतो म्हणतो, कसं करू?

भाऊ, रंग आधी नको. रंग लागला की पाटीवरची अक्षरं, डिझेलच्या ओघळाचा डाग, हँडल धरून गुळगुळीत झालेली जागा सगळं जातं. पहिल्यांदा आहे तसे चारही बाजूंनी काढा, मग पाटी जवळून. अक्षरं झिजली असतील तर पाटीवर खडू हलका घासा आणि बॅटरीचा उजेड अगदी तिरपा मारा, नंबर वाचता येईल. तो कागदावर उतरवा, सुटे भाग शोधताना लागतो.

सुरू करायचं असेल तर डिझेलची टाकी आणि नळी साफ करून, तेल बदलून, आणि हँडल मारायची सवय असलेल्या माणसालाच बोलावून. उलटा झटका बसला तर मनगट मोडतं. सुरू झालं की १/६० वर लावा (प्रश्न ३), धूर निवळून जाईस्तोवर थांबू नका, आणि तुमच्या बाबांना बोलावून त्यांच्या हाताने पट्टा चढवून घ्या, इंजिन बंद असताना. रंगाचं नंतर पाहू. मूळ रंग पाटीच्या मागे किंवा बोल्टच्या खाली सापडतो, त्याचाही एक फोटो घेऊन ठेवा.